लिहिणारा : पुरुष

आमच्या कचेरीच्या पाटीवर ‘जैवदक्षता कक्ष’ असं भारदस्त नाव आहे. संशोधक मंडळी मात्र तिला चुगलीखाना म्हणतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचं फारसं चुकत नाही. दिवसभर आम्ही दुसऱ्यांचे प्रश्न वाचतो आणि त्यांच्या मनात काही काळंबेरं आहे का याचा अंदाज बांधतो. हे काम करून करून माणूस असा होतो की नवऱ्यानं ‘चहा घेणार का?’ असं विचारलं, तरी आधी मनात येतं, आज का बरं विचारतोय हा?

हा सगळा खटाटोप सुरू झाला तो ‘घडण’ नावाच्या यंत्रामुळे. आपल्या पेशींमधली बहुतेक कामं प्रथिनं करतात. प्रथिन म्हणजे एक मण्यांची माळ. ती स्वतःभोवती गुंडाळून ठरावीक आकार घेते आणि त्या आकारावर तिचं काम ठरतं. कुठली माळ कसा आकार घेईल हे शोधण्यात पूर्वी संशोधकांची उमर जायची. घडण ते चहा निवायच्या आत सांगतं. उलटंही सांगतं. तुम्हाला कुठल्या कामाचा आकार हवाय ते बोला, ते माळ ओवून देतं. त्यातून औषधं आली, लशी आल्या, आणि आम्हीही आलो.

कारण विषाणूचं गणितही आकाराचंच असतं. त्याच्या अंगावर किल्ल्या असतात आणि पेशीच्या दारावर कुलपं. किल्ली लागली तर तो आत शिरतो, नाही लागली तर बाहेरच मरतो. किड्याच्या कुलपाची किल्ली माणसाला लागत नाही, म्हणून आपण निवांत आहोत. पण जे यंत्र आकार घडवून देतं, ते मागणाऱ्याला किल्ली घासूनही देईल. म्हणून कायद्यानं घडणच्या तोंडाशी एक चाळण बसवली. ही चाळण एकेकट्या प्रश्नाकडे बघत नाही, कारण एकेकटा प्रश्न नेहमी साळसूदच असतो. ती प्रश्नांची चाल बघते. चालीचा संशय आला की फाईल आमच्याकडे येते, विचारणाऱ्याचं नाव आणि संस्था कक्षप्रमुखांखेरीज सगळ्यांपासून झाकून, म्हणजे आम्ही कुणाच्या ओळखीला भुलू नये. एकाच लॉगिनवर सगळ्या खात्यानं बसायची आपली जुनी खोड लक्षात घेऊन चाळण लिहिणाऱ्याचा अंदाजही देते : बाई की पुरुष, वय, मुलूख.

दक्षिणेकडच्या फायली माझ्याकडे येतात. याला कारण एक किस्सा. कक्षात मी नवीन असताना चाळणीनं एक वाक्य पकडलं होतं : ‘पावसाच्या तोंडाला लागण सुरू करायची, आधी आपलं गाव, मग शेजारची.’ कक्षप्रमुख निमकर सर घाम पुसत होते. दिल्लीला फोन लागला होता. मी वाक्य वाचलं आणि खुर्चीत बसल्या बसल्या हसायला लागले. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे उसाची लागवड म्हणत नाहीत, लागण म्हणतात. त्या बिचाऱ्याला ऊस लावायचा होता! त्या दिवसापासून निमकर सर मला ‘आमच्या वाळिंबे बाई तिकडच्या आहेत’ असं कौतुकानं म्हणू लागले. वाळिंबे हे सासरचं नाव. माहेरची मी सुप्रभा मगदूम, जयसिंगपूरची.

गेल्या महिन्यात त्यांनी तशीच एक फाईल माझ्यापुढे सरकवली.

‘‘बघा बरं. हुमणी म्हणजे?’’

‘‘उसाची मुळं खाणारी अळी,’’ मी म्हटलं. ‘‘बेटंच्या बेटं वाळवते.’’

‘‘तिला मारणारा विषाणू तयार करताहेत हे लोक. रीतसर परवानगी आहे. पण प्रश्न हळूहळू दुसरीकडेच वळलेत. चाळण म्हणते, लिहिणारा पुरुष, मध्यम वय, कोल्हापूर भाग. लॉगिन ज्यांच्या नावावर आहे ते गृहस्थ अगदी तसेच आहेत. मला तर उघडच दिसतंय. तुम्ही वाचा आणि शिक्का मारा.’’

मी वाचायला घेतलं. सुरुवातीला सगळं अळीबद्दल होतं. मग एके ठिकाणी सरळच प्रश्न होता : हाच विषाणू माणसाच्या पेशीत शिरायचा तर काय बदलावं लागेल? घडणनं अर्थातच नकार दिला. माणूस तिथं थांबायला हवा होता. थांबला नव्हता. त्यानं विषाणूचं नाव काढून टाकलं आणि दुसऱ्याच प्रथिनाबद्दल विचारलं. मग नुसत्या एका कुलपाबद्दल. मग एका औषधाचा बहाणा करून किल्लीच्या एका दाताबद्दल. प्रत्येक प्रश्न कसा गोगलगाय, पण ओळीनं मांडले तर पोटात पाय.

आणि वाचता वाचता मला आमचं स्वयंपाकघर दिसायला लागलं.

माझी धाकटी बहीण त्रिशला पाचेक वर्षांची असताना आई तिला अवेळी लाडू देत नसे. त्रिशला हट्ट करायची नाही. ती म्हणायची, ‘‘लाडू नको मला. डबा कुठल्या फळीवर आहे तेवढं सांग.’’ थोड्या वेळानं, ‘‘स्टूल कुठं ठेवलंय?’’ मग, ‘‘तू पाणी आणायला कधी जाणार?’’ आई कामाच्या नादात उत्तरं देत राहायची आणि संध्याकाळी डबा रिकामा सापडायचा. आप्पा म्हणायचे, ‘‘ह्या पोरीला काही नको असतं, नुसता पत्ता हवा असतो.’’

चाल तीच होती. मी स्वतःला म्हटलं, सुप्रभा, या नोकरीनं तुझं डोकं फिरलंय. हुशार माणसं सगळी अशीच विचारतात. पण पुढच्या पानावर शेवटची ओळ होती : ‘आता थांबतो. दिवस बुडायला आला, जेवून घेतो.’ त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. दिवस बुडायच्या आत जेवणारे म्हणजे आमचेच, जैनांच्या घरातले. आणि ‘थांबतो’वर चाळण भुलली होती, निमकर सर भुलले होते, पण मी कशी भुलणार? आमच्याकडे बायकाही ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ असंच बोलतात. पुण्याच्या वसतिगृहात पहिल्या दिवशी मी ‘मी आंघोळ करून येतो’ म्हटलं, तेव्हा अख्खी खोली गडाबडा लोळली होती. त्यानंतर मी जिभेला वळण लावलं. येते, जाते, लिहिते. आता माझी पुणेरी इतकी साफ आहे की दुकानदारही मला वचकून असतात.

‘‘मारला शिक्का?’’ निमकर सरांनी विचारलं.

‘‘प्रत्यक्ष भेट राहिलीय,’’ मी म्हटलं.

हा कक्षाचा एकुलता एक माणुसकीचा नियम. कुणावरही ठपका ठेवण्याआधी अधिकाऱ्यानं न कळवता समोर जाऊन एकदा तरी विचारायचं : कशासाठी? सरांनी नाखुशीनं पाकीट दिलं. आतल्या चिठ्ठीवर संस्थेचं नाव होतं, हिरवाई ऊस संशोधन केंद्र, जयसिंगपूर. त्रिशला तिथंच काम करते. चिठ्ठीच्या खाली छापलेलं होतं की नात्यातलं कुणी तिथं असल्यास अधिकाऱ्यानं लगेच कळवावं. मी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि स्वारगेटला गेले. संशय म्हणजे काही पुरावा नव्हे, असं मी वाटेत स्वतःला बजावत होते. हेच वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याची फाईल मागवली असती.

ज्यांच्या नावावर लॉगिन होतं ते डॉ. दिग्विजय सरनाईक, केंद्राचे प्रमुख. देह पैलवानी, आवाज तसाच. माझं ओळखपत्र बघून त्यांनी खुर्चीसुद्धा दिली नाही.

‘‘या पोलीसबाई. काय चोरलंय आम्ही?’’

‘‘तुमच्या लॉगिनवरून काही प्रश्न विचारले गेलेत.’’

‘‘जातीलच की. यंत्र प्रश्न विचारायलाच असतंय.’’

‘‘तुम्ही विचारलेत का?’’

‘‘कुठले ते सांगा, मग सांगतो.’’

‘‘तुमचं लॉगिन आणखी कोण वापरतं?’’

ते मोठ्यानं हसले. ‘‘अहो, माझ्या गाडीची किल्लीसुद्धा त्या खिळ्याला असते. ज्याला लागंल त्यानं न्यावी. इथं माणसं एकमेकांवर विश्वास ठेवून काम करतात बाई. तुमच्या पुण्यात काय चालतंय मला माहीत नाही.’’

माणूस मला मुळीच आवडला नाही. आणि त्यामुळे त्याच्यावर संशय घेणं किती सोयीचं आहे, हेही त्याच क्षणी कळलं. त्यांच्या टेबलावर दुपारचा डबा उघडा होता, मटणाचा वास खोलीभर होता. दिवस बुडायच्या आत हात धुऊन बसणारा हा गडी नव्हे.

काचेपलीकडे त्रिशला उभी होती. पांढरा कोट, केस वर बांधलेले. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी इथं का आले असेन असा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर उमटायला हवा होता. उमटला नाही. ती शांतपणे हातमोजे काढत राहिली.

संध्याकाळी मी माहेरी गेले. आई गेल्यापासून घरात आप्पा आणि त्रिशला दोघंच. आप्पांना वाटलं, लेक सहज आली. दिवे लागायच्या आत पानं वाढली गेली. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी. आप्पा खूश होते. ‘‘एक लेक चोर पकडती आणि एक किडं मारती,’’ ते म्हणाले, ‘‘मुंगी चुकवून चालणाऱ्याच्या घरात हे असलं पीक आलंय बघ.’’ हात धुऊन ते मंदिरात गेले. आम्ही दोघी उरलो. त्रिशला ताटं गोळा करायला लागली.

‘‘बस खाली,’’ मी म्हटलं. ‘‘डबा कुठल्या फळीवर होता, त्रिशू?’’

तिचा हात थांबला. मग ती हसली, अगदी लहानपणचं हसू.

‘‘ओळखलीस होय! मला वाटलंच होतं, तुझ्याकडं फाईल गेली तर तू ओळखणार.’’

‘‘तू विचारलीस ते सगळं?’’

‘‘विचारलो. मग?’’

‘‘कशासाठी?’’

‘‘कशासाठी म्हणजे? आक्का, उद्या हा विषाणू हजारो एकरांत सोडायचाय आम्ही. तिथं तो आपला आपण बदलत जाणार. बदलत बदलत माणसाच्या दाराशी आला तर? मला वाट ठाऊक असली तरच मी ती बुजवणार नव्हं? तर ते यंत्र म्हणतंय, सांगणार नाही. जाळ कसा लागतो ते सांगायचं नाही आणि चूल सांभाळ म्हणायचं!’’

‘‘त्याला रस्ता आहे. अर्ज करायचा, दोन सह्या घ्यायच्या, बंद खोलीत बसून उत्तर वाचायचं.’’

‘‘आठ महिने लागतात त्याला. हंगाम जातोय.’’

‘‘आणि मिळालं उत्तर?’’

तिनं ताटं एकावर एक रचली. मग हळूच म्हणाली, ‘‘मिळालं. बहुतेक सगळं.’’ आणि तिच्या डोळ्यांत जे चमकलं ते भय नव्हतं. ती चमक मला ठाऊक होती. स्टुलावर चढून डब्यापर्यंत हात पोचला की अशीच दिसायची ती.

मला तिचा राग आला आणि तितकंच प्रेमही वाटलं. तिनं सांगितलेलं कारण खरं असेल. पण आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचं कारण खरंच असतं. वाईटासाठी विचारलं असं आजवर मला कुणी सांगितलेलं नाही.

‘‘वाट बुजवायचा बदल शोधलो मी,’’ ती म्हणाली, ‘‘आणि उत्तरं पुसून टाकलो.’’

‘‘तुझ्या पडद्यावरनं पुसलीस. खात्यावर आहेत ती. चाळणीनं ठेवलीत, म्हणून तर माझ्यापर्यंत आली. आणि ठपका सरनाईकांवर येणार, हे तुला कळलं होतं?’’

‘‘केंद्रात कुजबुज होती. तुमच्या कचेरीतनंच फुटलं, लिहिणारा पुरुष आहे म्हणून.’’ ती ताटातला भाकरीचा तुकडा मोडत राहिली. ‘‘मी काही खोटं बोललो नाही आक्का. मला कुणी विचारलंच नाही.’’

‘‘दहा वर्षांचं काम आहे त्या माणसाचं. तुरुंगात जाईल तो.’’

‘‘त्याला कुणाचीच किंमत नाही. माझं नाव एका निबंधावर घातलं नाही त्यानं.’’

‘‘म्हणून?’’

मी पर्समधून फाईलचं शेवटचं पान काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

‘‘हे वाच. तुझे प्रश्न संपल्यावर एका रविवारी कुणीतरी त्याच लॉगिननं शिरून सगळी उत्तरं पहिल्यापासून उघडून बघितलीत. एक प्रश्न विचारला नाही. नुसतं वाचलं. केंद्राच्या यंत्रावरनं नाही, बाहेरनं.’’

त्रिशलानं पान उचललं. तिचा रंग उडाला. आता दिवस पुरता बुडाला होता आणि स्वयंपाकघरात अंधार भरला होता, पण दिवा लावायचं दोघींना सुचलं नाही.

‘‘हा कोण?’’ ती म्हणाली.

‘‘आमचे साहेब म्हणतात, लिहिणारा आणि वाचणारा एकच. पुरुष, मध्यम वय. सरनाईकांना धरलं की फाईल बंद. तू गप्प बसलीस तर हा तिसरा कुणी शोधणार नाही.’’

‘‘सोडून गेलेल्यांनापण पासवर्ड माहीत आहे. बियाणं कंपनीची माणसं येऊन बसायची आमच्याकडं. कुणीपण असंल.’’

‘‘त्रिशू, तू त्या रविवारी कुठं होतीस?’’

तिनं मान वर केली. तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, याचं त्या क्षणी मला बरंच वाटलं.

‘‘आक्का, तू मला विचारालीस?’’

‘‘मी विचारतो म्हणून तू घरात आहेस. दुसरा विचारील तेव्हा कोठडीत असशील.’’

‘‘घरात होतो. आप्पांच्या बरोबर. विचार त्यांना.’’ मग जरा थांबून, ‘‘नाहीतर नको. त्यांना कशाला! तू विश्वास ठेव की.’’

ठेवावा असं फार वाटलं. धाकटी बहीण, मी तिला सायकल शिकवलेली, तिच्या परीक्षांना मी बाहेर थांबलेली. पण ‘नाहीतर नको’ हे दोन शब्द माझ्या मनात काट्यासारखे रुतून बसले. नोकरीनं दिलेला रोग म्हणा हवं तर. मी दिवा लावला. आप्पा येईपर्यंत आम्ही दोघींनी भांडी घासली.

निघताना ती दारापर्यंत आली. ‘‘काय लिहिणार तू?’’

‘‘तू आपण होऊन सांग. फरक पडेल.’’

‘‘आणि नाही सांगितलो तर?’’

मी चपला घातल्या. ती तिथंच उभी होती. मी वळून पाहिलं तेव्हाही, आणि कोपऱ्यावरून पुन्हा पाहिलं तेव्हाही.

तिनं सांगितलं नाही. मी दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी सरनाईकांच्या अटकेचा कागद सहीसाठी माझ्या टेबलावर आला.

मी तो घेऊन निमकर सरांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, ‘‘मला जबाब द्यायचाय.’’

‘‘तुम्हाला? कुणाबद्दल?’’

‘‘जबाब टिपायचं यंत्र चालू करा. माझं नाव घालू नका. मी बोलेन ते नुसत्या मजकुराच्या रूपात चाळणीला द्या, बाकीच्या फायली देतो तसंच.’’

सरांनी भुवया उंचावल्या, पण यंत्र चालू केलं. मी डोळे मिटले. इतक्या वर्षांनी कचेरीत तसं बोलायला जीभ वळेना. मग मी त्रिशूला समोर बसवलं, मनातल्या मनात, आणि बोलायला लागलो, नाही, लागले.

‘‘मी जयसिंगपूरला गेलो होतो. ज्या घरात मी लहानाचा मोठा झालो, तिथंच जेवलो. तिथं माझं माणूस आहे हे मला पाकीट उघडायच्या आधीच कळलं होतं. तरी मी कुणाला सांगितलो नाही. ही माझी चूक, ती पण लिहून घ्या. मी तिला विचारलो. ती हो म्हणाली…’’

सगळं सांगून झालं. चाळणीनं नेहमीप्रमाणे मजकुराच्या माथ्यावर आपला अंदाज छापला. निमकर सरांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

‘बोलणारा : पुरुष, मध्यम वय, कोल्हापूर भाग.’

त्यांनी सरनाईकांच्या अटकेचा कागद उचलला, मधोमध फाडला आणि बाजूला ठेवला.

‘‘नाव?’’ त्यांनी विचारलं. आवाज उतरला होता.

‘‘त्रिशला आप्पासाहेब मगदूम. माझी धाकटी बहीण.’’ मी पुढं म्हटलं, ‘‘आणि तो रविवारचा वाचणारा शोधा, सर. आजच. फाईल बंद करू नका.’’

त्यांनी लिहून घेतलं. पेन टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं. शेवटी न राहवून म्हणाले, ‘‘वाळिंबे बाई, समजा शोधला आपण. आणि तीही तुमची बहीणच निघाली, तर?’’

खिडकीबाहेर ऊन कलत होतं. जयसिंगपूरला आता पानं वाढली गेली असतील.

‘‘तर तेही लिहितो,’’ मी म्हटलं.

या वेळी कुणी हसलं नाही.